आजारपणात नोकरी गेली, हाती नियुक्तीपत्रही नाही. कायदा काय सांगतो?

हुबळीच्या बाजारपेठेतील एक घाऊक दुकान. तेथे सहा वर्षे हिशेब लिहिणारा एक कर्मचारी कावीळ होऊन अंथरुणाला खिळतो. डॉक्टर सहा आठवड्यांची विश्रांती सांगतात. तो मालकाला फोन करतो, ‘बरे होऊन या’ असे उत्तर मिळते. एकोणिसाव्या दिवशी मात्र मोबाइलवर निरोप येतो : ‘दुसरा माणूस ठेवला आहे, उद्यापासून येऊ नका.’ राहिलेल्या पगाराबद्दल विचारता उलट प्रश्न येतो : ‘तुम्हाला नेमल्याचा कागद कुठे आहे?’ कागद खरोखरच नसतो. सहा वर्षांपूर्वी कोणा ओळखीच्याने शब्द टाकलेला असतो, मालकाने पगाराचा आकडा सांगितलेला असतो आणि दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालेले असते.

उदाहरण काल्पनिक आहे. परंतु असा प्रसंग ज्याच्या ऐकिवात नाही, असे घर विरळाच. गोव्यातील वाचकांसाठी हुबळी-धारवाड ही काही दूरची गावे नाहीत. सोयरीक, व्यापार, शिक्षण, रुग्णालय अशा ना त्या कारणाने लोंढ्यावरून पलीकडे जाणे-येणे असतेच. तिकडची माणसे इकडे कामाला येतात, इकडची काही तिकडच्या दुकानांत, गोदामांत आणि शाखांत नोकरी करतात. यांपैकी अनेकांची नोकरी केवळ शब्दावर चालते. म्हणूनच आजारपणात ती गेली तर पुढे काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या कुटुंबांचा आहे.

थोडक्यात उत्तर असे : सही केलेला करार नसला म्हणून नोकरी नव्हती, असे होत नाही. उलट काही वेळा तो कागद नसणे मालकालाच अडचणीचे ठरते. मात्र नोकरी होती आणि गैरहजेरी आजारामुळे होती, या दोन गोष्टी दाखवता आल्या पाहिजेत.

तोंडी करारही करारच

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. एखाद्या विशिष्ट कायद्याने लेखी स्वरूप आवश्यक केलेले नसेल, तर तोंडी करारालाही हा कायदा मान्यता देतो. कोणी काम करण्याचे कबूल केले, कोणी त्याचा मोबदला देण्याचे कबूल केले आणि त्याप्रमाणे व्यवहार सुरू झाला, की नोकरीचा करार अस्तित्वात येतो. दरमहा दिलेला पगार हीच त्या कराराची वारंवार दिलेली कबुली असते.

नियुक्तीपत्र देणे ही तर मालकाचीच जबाबदारी आहे. कर्नाटक दुकाने व वाणिज्यिक आस्थापना अधिनियम, १९६१ याच्या कलम ६-अ नुसार, कामावर ठेवल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नियुक्तीपत्र द्यावे लागते. कर्मचाऱ्याचे नाव, हुद्दा, वेतन आणि नोकरीच्या अटी त्यात नमूद असाव्या लागतात. केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेनेही दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर हेच बंधन घातले आहे. पूर्वीपासून कामावर असलेल्या, पण पत्र न मिळालेल्या कर्मचाऱ्यांनाही ते तीन महिन्यांत द्यावे, असे ही संहिता सांगते.

याचा अर्थ स्पष्ट आहे. ‘कागद कुठे आहे?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार खरे तर कर्मचाऱ्याचा आहे. स्वतःचे कर्तव्य न केल्याचा लाभ मालकाला घेऊ देणे कायद्याच्या भूमिकेशी विसंगत ठरते.

‘तो स्वतःच काम सोडून गेला’

असे प्रकरण कामगार अधिकाऱ्यांपुढे गेले की मालक सहसा ‘आम्ही त्याला काढले’ असे म्हणत नाही. ‘तो यायचाच बंद झाला, त्याने स्वतःहून काम सोडले’ असा बचाव घेतला जातो. म्हणून या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटले आहे, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

या विषयावरील एक महत्त्वाचा निकाल १८ जुलै १९६३ चा आहे. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक कंपनीच्या गिरणीतील एक कामगार रजा संपल्यावर कामावर परतला नाही. पुढे त्याने आजारपणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र सादर केले. गिरणीच्या प्रमाणित स्थायी आदेशांत अशी अट होती, की सलग आठ कामाचे दिवस विनारजा गैरहजर राहणाऱ्याने नोकरी सोडली असे समजले जाईल. कर्मचारी राज्य विमा कायद्यातील आजारपणाच्या संरक्षणाचा आधार कामगाराच्या बाजूने घेण्यात आला. तरी तो हरला. निकालपत्र न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिले होते. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव त्या काळच्या धारवाड जिल्ह्यातील गजेंद्रगड. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षणही काही काळ धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयात झाले. पुढे १९६४ मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश झाले.

निकाल कामगाराच्या विरोधात गेला असला, तरी त्यातील तर्क आज कागद नसलेल्या कर्मचाऱ्याच्या उपयोगाचा आहे. नोकरी सोडणे हा हेतूचा प्रश्न असतो आणि पुरेसा पुरावा असल्याशिवाय तसा हेतू कर्मचाऱ्याच्या माथी मारता येत नाही, हे सर्वसाधारण तत्त्व न्यायालयाने मान्य केले. त्या खटल्यात ते लागू झाले नाही, कारण आठ दिवसांची अट लेखी आणि प्रमाणित होती. ज्या दुकानात लेखी करार नाही आणि स्थायी आदेशही नाहीत, तेथे मालकाला अशा अटीचा आधार घेता येत नाही. मग मूळ तत्त्वच उरते : काम सोडण्याचा हेतू होता, हे मालकाने दाखवावे. आजारी असल्याचे कळवून रजेवर असलेल्या माणसाच्या बाबतीत ते दाखवणे कठीण असते.

काळाच्या ओघात लेखी अटीची धारही कमी झाली. १९९३ मध्ये जे.एम.ए. इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आठ दिवसांच्या गैरहजेरीचीच अट होती. कामगाराला म्हणणे मांडण्याची संधी न देता आणि चौकशी न करता नोकरी आपोआप संपली असे म्हणणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असे ठरवून न्यायालयाने त्याला कामावर परत घेण्याचा आणि निम्मे मागील वेतन देण्याचा आदेश दिला. २०१२ मधील एका सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी एक भेद स्पष्ट केला. विनापरवानगी गैरहजेरी आणि हेतुपुरस्सर गैरहजेरी या एकच गोष्टी नव्हेत. आजार, अपघात, रुग्णालयात दाखल होणे अशा नाइलाजाच्या कारणांनी माणूस न कळवताही गैरहजर राहू शकतो.

आजारपणाचे संरक्षण आणि त्याच्या मर्यादा

आजारी माणसाला कधीच कामावरून काढता येत नाही, असा समज पुष्कळांचा असतो. तो बरोबर नाही. संरक्षण आहे, पण ते आस्थापना केवढी आणि वेतन किती, यावर अवलंबून आहे.

आपल्या उदाहरणातील दुकानात आठच माणसे आहेत असे धरू. कर्मचारी राज्य विमा योजना साधारणतः दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना लागू होते. त्यामुळे ती येथे लागू नाही. तरीही कर्नाटकाचा दुकाने कायदा लागू आहेच. त्याच्या कलम १५ नुसार आजार, अपघात किंवा अन्य वाजवी कारणासाठी वर्षाला १२ दिवसांपर्यंत पगारी रजा मिळते. अर्जित रजा शिल्लक असेल तर ती वेगळी. कलम ३९ अधिक महत्त्वाचे आहे. सलग सहा महिने नोकरी झालेल्या कर्मचाऱ्याला वाजवी कारण असल्याशिवाय आणि एक महिन्याची पूर्वसूचना किंवा तिच्याऐवजी वेतन दिल्याशिवाय काढता येत नाही. गैरवर्तनाचा आरोप असेल तर सूचनेची गरज नाही. पण मग चौकशी करून पुरावा नोंदवावा लागतो. ‘दुसरा माणूस ठेवला’ हे काही गैरवर्तन नव्हे, आणि सहा आठवड्यांत बरा होणारा आजार हे वाजवी कारण ठरवणेही सोपे नाही.

आता त्याच दुकानात बारा माणसे आहेत आणि कर्मचाऱ्याचे मासिक वेतन २१,००० रुपयांच्या आत आहे असे समजू. मग राज्य विमा योजना लागू होते. सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. मालकाने ३.२५ टक्के आणि कर्मचाऱ्याने ०.७५ टक्के भरावयाचे असतात. क्षयरोगासारख्या दीर्घ आजारांसाठी वाढीव लाभाची वेगळी तरतूद आहे. १९४८ च्या राज्य विमा कायद्याचे कलम ७३ आजारपणाचा लाभ घेणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या काळात बडतर्फ करण्यास किंवा शिक्षा करण्यास मनाई करत होते. २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वी ज्यांना काढले गेले, त्यांनी या कलमाचा उल्लेख अर्जात अवश्य करावा. त्यानंतरच्या प्रकरणांत ही योजना सामाजिक सुरक्षा संहितेखाली येते, हे लक्षात ठेवावे.

मर्यादाही सांगितली पाहिजे. बरी होणारी कावीळ वेगळी आणि ते काम पुन्हा करणेच अशक्य करणारे कायमचे दुखणे वेगळे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने सततच्या अनारोग्यामुळे संपवलेली नोकरी ही ‘कपात’ मानली नव्हती. महिनोन्‌महिने कामावर येऊ न शकणाऱ्या माणसाची जागा कायम रिकामी ठेवा, असे कायदा छोट्या दुकानदाराला सांगत नाही. योग्य सूचना द्या, देणे चुकते करा आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्या, एवढे मात्र तो सांगतो.

एक हरला, एक जिंकला

कागद नसलेल्या कर्मचाऱ्याची खरी कसोटी पुराव्याच्या टप्प्यावर लागते. कर्नाटकातून सर्वोच्च न्यायालयात गेलेली दोन प्रकरणे या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले २००२ मधील, वनखात्याच्या एका वनक्षेत्रपालाच्या कार्यालयाशी संबंधित. आपण वर्षात २४० दिवसांहून अधिक काम केले, असे कामगाराचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले, की हे सिद्ध करण्याचा भार कामगारावर आहे आणि केवळ स्वतःचे शपथपत्र त्यासाठी पुरेसे नाही. पगाराची पावती, नेमणुकीचा आदेश किंवा कामाची नोंद यांपैकी काहीच पुढे आले नव्हते. तो हरला.

दुसरे प्रकरण एका साहाय्यक कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयातील रोजंदारी कामगाराचे. त्यात न्यायालयाने वास्तवाची दखल घेतली. रोजंदारीवरील माणसाला ना नियुक्तीपत्र मिळते, ना सेवासमाप्तीचे. म्हणून त्याने स्वतः साक्ष द्यावी आणि हजेरीपट, वेतननोंदवही यांसारखे दप्तर हजर करण्याची मागणी न्यायालयाकडे करावी, असे मार्गदर्शन न्यायालयाने केले. या कामगाराकडे आणखी एक गोष्ट होती. तो किती काळ कामावर होता, हे सांगणारे अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र त्याच्यापाशी होते. त्या एका कागदाने पारडे फिरले.

दोघांकडेही करार नव्हता. फरक पडला तो नोकरीची खूण मागे राहिली होती की नाही, यामुळे.

आज अशा खुणा पूर्वीपेक्षा अधिक राहतात. बँकेत जमा झालेला पगार, मोबाइलवरून आलेली रक्कम, भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक, राज्य विम्याचा क्रमांक, दुकानाच्या नावाचे ओळखपत्र, स्वतःच्या अक्षरातील बिले आणि चलने, मालकाशी झालेले व्हॉट्सॲपवरील संभाषण, सहकाऱ्यांची किंवा शेजारच्या दुकानदारांची साक्ष, हे सारे उपयोगी पडते. संदेशांची छायाचित्रे काढून ठेवावीतच. शिवाय मूळ फोन आणि मूळ संदेशही जपावेत, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी प्रमाणपत्राची गरज लागू शकते.

आजाराची नोंद हा पुराव्याचा दुसरा भाग. पहिल्याच दिवशी, निदान पहिल्या आठवड्यात, मालकाला लेखी संदेश पाठवावा : आजार कोणता, डॉक्टरांनी किती दिवस विश्रांती सांगितली, परत कधी येणार. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीचे छायाचित्र द्यावे. मुदत वाढली तर पुन्हा कळवावे. ‘परत येणार आहे’ हे शब्द त्या संदेशात असावेत. नोकरी सोडण्याचा हेतू नव्हता, याचा याहून सरळ पुरावा नाही. बरे झाल्यावर डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र घेऊन कामावर हजर व्हावे आणि प्रवेश नाकारला गेला, तर त्याच दिवशी तसे नोंदणीकृत टपालाने कळवावे.

हिशेब चुकता करण्याच्या नावाखाली राजीनाम्यावर किंवा कोऱ्या कागदावर सही मागितली जाते, त्या वेळी सावध राहावे. पैसे घ्यायला हरकत नाही. मात्र पावतीवर ‘हक्क राखून रक्कम स्वीकारली’ असे स्वतःच्या हाताने लिहावे. स्वेच्छेने दिलेला राजीनामा पुढे नाकारणे फार कठीण जाते.

किती मिळू शकते, दाद कोठे मागावी

वेतन संहितेनुसार नोकरी संपल्यावर राहिलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागते. औद्योगिक संबंध संहितेखाली किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची सूचना किंवा तेवढे वेतन आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. वर्षातील २४० दिवस काम झाले, की एक वर्षाची सलग सेवा मानली जाते. आपल्या उदाहरणातील हिशेबनिसाला सहा वर्षांबद्दल ९० दिवसांचे वेतन याप्रमाणे मागता येईल. दुकानात दहा किंवा अधिक माणसे असतील तर पाच वर्षांच्या सेवेमुळे उपदानही देय होते. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना १८,००० रुपये असतील, तर सहा वर्षांचे उपदान सुमारे ६२,३०० रुपये होते. बडतर्फीच बेकायदा ठरली, तर पुन्हा कामावर घेण्याचा आणि मागील वेतनाचा प्रश्न येतो. चुकीने काढलेल्या कर्मचाऱ्याला पुन्हा कामावर घेताना मागील वेतन देणे हाच सर्वसाधारण नियम होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये महाराष्ट्रातील क्रांती कनिष्ठ अध्यापक महाविद्यालयाच्या प्रकरणात सांगितले आहे. मात्र सेवेचा काळ आणि दोन्ही बाजूंचे वर्तन पाहून ही रक्कम कमी-अधिक होते.

दाद मागण्याचे मार्ग मुख्यतः दोन. दुकाने कायद्याच्या कलम ३९ खाली नियमांनी नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे ठरलेल्या मुदतीत अपील करता येते. दुसरा मार्ग कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्याचा. तेथे तडजोड झाली नाही, तर प्रकरण न्यायाधिकरणाकडे जाते. नवी न्यायाधिकरणे उभी राहीपर्यंत हुबळीच्या कामगार न्यायालयासारख्या पूर्वीच्याच न्यायालयांनी काम पाहावे, अशी संक्रमणकाळातील व्यवस्था आहे. त्यापुढची पायरी उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ. जुन्या कायद्याने बडतर्फीविरुद्ध थेट न्यायालयात जाण्यास तीन वर्षांची मुदत दिली होती. नव्या संहितेत समेटाची कार्यवाही वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आतच होऊ शकते. म्हणून ‘पूर्ण बरे झाल्यावर बघू’ असे म्हणून वेळ दवडू नये. दोन्ही मार्ग एकाच वेळी धरण्याऐवजी आधी सल्ला घेऊन एक निवडावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते.

घर एका राज्यात, काम दुसऱ्या

वेर्णा किंवा वास्कोत काम करणारा कामगार आजारी पडून धारवाडला घरी गेला आणि तेथे त्याला कामावरून काढल्याचा फोन आला, तर तक्रार कोठे करावी? सामान्यतः जेथे काम केले, तेथील कायदा लागू होतो. अशा कामगाराला कर्नाटकाचा दुकाने कायदा लागू होत नाही. त्याने गोव्याच्या कामगार खात्याकडे जावे. उलट पणजीत मुख्य कार्यालय असलेल्या आस्थापनेच्या हुबळी शाखेतील गोमंतकीय कर्मचाऱ्याला कर्नाटकाच्या कायद्याचे संरक्षण मिळते.

बडतर्फीचा निर्णय मुख्य कार्यालयात झाला असेल, तर तेथेही दाद मागता येऊ शकते. गरवारे पॉलिस्टर कंपनीच्या पुदुच्चेरी येथील कर्मचाऱ्याला काढण्याचा निर्णय औरंगाबादला झाला होता. त्यामुळे औरंगाबादच्या कामगार न्यायालयालाही ते प्रकरण ऐकण्याचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवले. परप्रांतात आजारी पडलेल्या माणसासाठी हा दिलासा मोठा आहे.

छोट्या दुकानांत नोकरी विश्वासावर चालते आणि बहुतेक वेळा तो विश्वास दोन्ही बाजूंनी पाळलाही जातो. नियुक्तीपत्र मागितले तर मालक दुखावेल, ही भीतीही खरी आहे. पण पगार बँकेत घेणे, वर्षातून एकदा पगाराचा दाखला मागणे आणि आजारी पडल्यावर दोन ओळी लिहून पाठवणे, यांत अविश्वास कोठेच नाही. घरात कोणी आजारी पडले की औषधांच्या पावत्या आपण नीट जपून ठेवतो. मालकाला पाठवलेला तो संदेशही त्याच पिशवीत असायला हवा.